रकाना नववा

मुंबई नाक्याच्या पुलावरून ट्रक गेला
की माझ्या टेबलावरचा स्टेपलर थरथरतो.
फुप्फुसाच्या फायली माझ्याकडे,
तोंडाच्या बोरस्तेकडे.
एका फायलीला नऊ रकाने.
आठवा: मार्गदर्शक सूचनेनुसार उपचार? हो / नाही.
नववा: नसल्यास, कारण.
नववा रकाना बोटभर रुंद आहे.

भास्कर करडे, तांबट आळी.
पातेली ठोकून ठोकून कान गेलेले,
त्यामुळे बागमार मॅडम मोठ्यानं बोलतात
आणि अख्खी ओपीडी त्यांचा आजार ऐकते.
सूचना म्हणते, आधी जनुकांचा अहवाल, मग औषध.
तुकडा कुरिअरनं मुंबईला गेला,
अहवाल अठराव्या दिवशी यायचा होता.
अकराव्या दिवशी करडे जिन्यात बसले ते उठेनात.
बाराव्याला मॅडमनी केमो सुरू केली.
आठव्यात: नाही.
नवव्यात मी लिहिलं, श्वास.

लक्ष्या भोये, सुरगाण्याच्याही पुढचा पाडा.
किरणं आणि केमो बरोबरीनं,
तेहतीस दिवस, शनिवार-रविवार सोडून.
"इथं राहू कुठं?" एवढंच विचारलं त्यानं,
तेही माझ्याकडे बघून,
जणू चाव्या माझ्याकडेच होत्या.
मॅडमनी दोन्ही वेगळं केलं. आधी केमो, किरणं दिवाळीनंतर.
नाही. अंतर.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले सुधाकर ढिकले
सगळे कागद क्रमानं लावून आणायचे.
त्यांचं सगळं सूचनेबरहुकूम झालं,
तारखा, मात्रा, स्कॅन.
तपासणी समितीला आम्ही तीच फाइल दाखवली.
ते गेल्यावर बाई दाखल्यासाठी आल्या,
निघताना दारात थांबल्या:
"सगळं बरोबर केलं होतं ना हो?"
"हो," मी म्हणालो.
आठव्या रकान्यातला तोच शब्द.

वर्षाची बेरीज शंभरात एकसष्ट.
कुठल्याशा परिषदेत कुणीतरी म्हणे
नाशिकचा आकडा बघून भुवया उंचावल्या.
मॅडमनी ते मला सांगितलं
आणि चहात बिस्कीट बुडवून विसरल्या.

फाइल एकशे चौदा.
मेंदूचा स्कॅन झालेला नाही.
पैसे होते, मशीन चालू होतं,
पेशंट गंगापूर रोडचा, रिक्षानं वीस मिनिटं.
मी कारण शोधत दोनदा पानं उलटली,
मग फाइल घेऊन खाली गेलो.
मॅडमनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता काढला.
"त्या दिवशी सत्तेचाळीस पेशंट होते," म्हणाल्या.
मग, "नको. ते नको लिहूस.
लिही, राहून गेलं माझ्याकडून."

संगणकानं 'राहून गेलं माझ्या' घेतलं,
पुढं कर्सर नुसताच लुकलुकत राहिला.
जागा संपली होती.
प्रिंट काढली
आणि उरलेलं 'कडून'
पेनानं समासात लिहिलं.