पंधरावा कप्पा

रात्री कुइसेबच्या कोरड्या पात्रात
आम्ही जांभळा दिवा घेऊन चालतो.
नदी म्हणायची ती सवयीनं.
पाणी गेल्या सहा वर्षांत एकदाच आलं,
तेही पाहुण्यासारखं, उभ्याउभ्या.
धुकं मात्र नेमानं येतं समुद्रावरून,
नाराच्या काट्याकाट्याला थेंब लावतं,
आणि वाळूत कुठंतरी एक हिरवी ठिणगी
नांगी उचलून उभी राहते.

न्दापेवा गुडघे टेकून फोटो काढते.
मी अंतर मोजतो, वेळ लिहितो.
चार हजार दोनशे अकरा फोटो.
प्रत्येकातल्या विंचवाभोवती मी माऊसनं चौकट ओढलीय.
आता झोपेतही ओढतो:
बायकोच्या कानाभोवती,
चहाच्या कपाभोवती.

मशीनला आम्ही चौदा जाती शिकवल्या.
ते भराभर शिकलं, न थकता,
मला हेवा वाटावा इतकं.
त्या रात्रीची मादी पाहून म्हणालं:
जात क्रमांक नऊ. खात्री सत्त्याण्णव टक्के.
विंचू: एक.

औमा फ्रेडरिका शेळ्या बघायला उठली होती.
पडद्यावर वाकली, तंबाखूचा वास घेऊन.
"ही ती नव्हे," म्हणाली.
"तुमच्या नऊचं दार गोल.
हिचं आडवं, शेळीच्या बुबुळासारखं.
आणि एक कसली?
बिऱ्हाड आहे तिच्या पाठीवर. मोजा."

मी साधी बॅटरी लावली.
एकतीस.
तांदळाच्या कण्यांसारखी, एकमेकांवर रेललेली.
जन्मल्या पिल्लांची कातडी
जांभळ्या दिव्याला ओ देत नाही.
आईच्या पाठीवरचा तो मळकट डाग
मी धूळ समजून
चौकटीत तसाच राहू दिला होता.

न्दापेवा पहाटेपर्यंत आकडे उसवत बसली.
मशीन खोटं बोललं नव्हतं.
कप्पे चौदा, आणि सगळी खात्री
त्या चौदांतच वाटून संपवायची,
एवढंच आम्ही त्याला सांगितलं होतं.
औमा म्हणाली, "त्याचं काय जातंय?
सकाळी उठून बूट झटकावे लागत नाहीत त्याला."

मग वाट पाहणं.
वाळूच्या पेटीत आई, तिच्यावर एकतीस,
रोज रात्री दिवा, रोज रात्री अंधारी पाठ.
पोटाखालच्या कंगव्याचे दात
न्दापेवानं तीनदा मोजले, तीनदा तेच आले,
नऊपेक्षा चार कमी.
अकराव्या रात्री पिल्लांनी कात टाकली.
बाराव्या रात्री मी दिवा लावला
आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.
पाठभर फिकट हिरवे ठिपके,
हलणारे,
उतरायला निघालेले.

पिल्लं आम्ही त्याच आडव्या दारापाशी सोडली.
आई बाटलीत गेली.
नव्या जातीला एक देह लागतो,
कुणीही कधीही येऊन ताडून बघावा असा.
हे मला ठाऊक होतं.
तरी झाकण मी लावलं नाही, न्दापेवानं लावलं.
थोड्या दिवसांनी त्या दिव्यात
बाटलीतलं अल्कोहोलही हिरवं दिसू लागलं.

औमाच्या भाषेत तिला नाव आहेच.
जिभेनं टाळूवर टिचकी मारून सुरू होतं ते.
फॉर्मच्या रकान्यानं टिचकीची खूण
चूक म्हणून परत केली, दोनदा.
लॅटिन नाव अजून ठरायचंय.
न्दापेवा कागदावर लिहिते, खोडते,
टिचकीसाठी जागा सोडून.

एवढं मात्र झालं,
मशीनला आता पंधरावा कप्पा आहे.
त्यावर लिहिलंय: माहीत नाही.
पहिल्या आठवड्यात त्यानं तिथं टाकले
दोन विंचू,
एक बाटलीचं बूच,
आणि पट्टी बांधलेला माझा अंगठा.

बूच मी काढून टाकलं.
अंगठा राहू दिलाय.