मुका ट्युबा

त्या भिंतीचं दोघांना माहीत होतं.
एक नुन्झियो गवंडी, ज्यानं ती बांधली
डॉन मेल्कियोरेच्या तळघरात, पावाच्या भट्टीमागे.
दुसरा तिनुच्चो, चुना कालवणारा पोरगा,
माझ्या बहिणीचा, सतरा वर्षांचा, बडबड्या.

भिंत वाळायच्या आत तिनुच्चो जर्मनीला गेला.
असं सांगितलं.
कामाला गेलाय, पत्र पाठवील, म्हणाले.
मी या गावचा पोस्टमन.
आस्प्रोमोन्तेच्या उतारावरचे चारशे अकरा उंबरे
माझ्या पायांना पाठ आहेत.
पत्र आलं असतं
तर आधी माझ्या पिशवीत आलं असतं.

नऊ वर्षं नुन्झियो काही बोलला नाही.
मग एका रात्री, तिसऱ्या पेल्यानंतर,
सांडलेल्या वाइनमध्ये बोट बुडवून
त्यानं टेबलावर रेघ ओढली:
"खालून चौथा थर. तो कोरडा रचलाय.
वरून नुसता चुना, तोंडाला पावडर फासावी तसा."
का, ते मी विचारलं नाही.

सांता दोमेनिकाची मिरवणूक
दरवर्षी डॉनच्या दारात थांबते.
खांदेकरी मूर्ती पुढे कलवतात.
देवी वाकते, तो नाही.
सगळं घर तेव्हा बाल्कनीत: मुलगे, सुना,
बंदूकवाले, स्वयंपाकीणसुद्धा.
तळघरात तेवढा वेळ फक्त उंदीर
आणि त्या वर्षी नुन्झियो.

मी बँडमध्ये ट्युबा वाजवतो.
ट्युबा म्हणजे गळ्यात अडकवलेला पितळी हौद.
गल्लीच्या वळणावर रांगेतून बाहेर पडलो
बुटाची नाडी बांधायला,
आणि गुडघ्याएवढ्या उंचीच्या खिडकीतून
चुन्यानं पांढरे झालेले दोन हात आले.
बंडलं. पुन्हा बंडलं.
मेणकापडात गुंडाळलेली, ओल्या लाकडाच्या वासाची.
एक पुरचुंडी, जड: अंगठ्या, साखळ्या,
कोणाकोणाच्या, देव जाणे.
हौद भरला. वर मी स्वरलिपीचे कागद कोंबले.

तसाच बाल्कनीखालून गेलो.
गाल फुगवले, डोळे तारवटले, बोटं नाचवली.
आवाज शून्य.
क्लॅरिनेटवाल्या देमेत्रियोनं एकदा वळून पाहिलं
आणि दुप्पट जोरानं फुंकायला लागला.

वर डॉनची आई बसलेली, दोन्ना इप्पोलिता,
ब्याण्णव वर्षांची, डोळ्यांनी अधू.
कानांनी नाही.

चोरावर मोर झाल्याचं कळलं
तेव्हा डॉन फिर्याद कुठे देणार, आणि कशाची?
त्यानं दोन कुत्री मारली, एक जावई हाकलला.
गावाला एवढंच समजलं
की त्या घरची भट्टी आठवडाभर थंड आहे.

निम्म्या नोटा कुजल्या होत्या, हात लावला की लगदा.
उरलेल्या बहिणीनं दोरीवर वाळत घातल्या,
चिमटे लावून, पोराच्या सदऱ्यांसारख्या.
मी पाकिटं लिहिली, डाव्या हातानं,
जुन्या पत्रांवरची जर्मन तिकिटं वाफेवर सोडवून.
पाठवणारा: तिनुच्चो.
एक विधवा अस्सुन्तेला, एक लंगड्या चांभाराला,
एक त्या शाळेला जिचं छप्पर गळतं.
लोक मागचं नाव वाचायचे,
मग माझ्याकडे पाहायचे, मग दार लावून घ्यायचे.
गप्प राहायला त्यांना
डॉननंच तर शिकवलं होतं.

काल विजेचं बिल घेऊन त्या घरी गेलो.
म्हातारी उन्हात बसली होती.
म्हणाली, "त्या वर्षी मोठा कर्णा वाजला नाही."
मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला.
"ते पोरगं चुना कालवताना गायचं," ती म्हणाली,
"बेसूर. पण गायचं.
मग एका दुपारी थांबलं."
बराच वेळ एक माशी तिच्या गुडघ्यावर चालत होती.
मग तिनं हात पुढे केला, तळवा वर:
"मला नाही का आलं काही
जर्मनीहून?"