नोंद क्रमांक एकशे सत्तेचाळीस

बोअ रुअ.
लिहिताना मधे ध आणि ह, म्हणताना नुसता उसासा.
माझं गॅलिक विद्यापीठातलं, इस्त्री केलेलं;
तोरकिल तीनदा म्हणायला लावतो,
मग वल्हं उचलून पाणी निथळू देतो. म्हणजे जमलं.
भरतीत बुडालेला तांबडा खडक.
नकाशात इथे सपाट निळा रंग आहे.

तासाभरात किनाऱ्याचा मैलही सरत नाही.
काळी मेंढी चार दिवस अडकली ती कपार.
तंबाखूचं पिंप वाहून आलं ते खडप,
त्या हिवाळ्यात म्हणे पाद्रीसुद्धा खोकत होता.
म्हातारीची घळ. कुठल्या म्हातारीची?
"तुला किती ठाऊक आहेत?"
ओढ्याला नाव, ओढ्याच्या वळणाला नाव,
वळणावर पाय ठेवायचा त्या दगडाला नाव.
आणि वर, कड्यावर, आठ घरं;
पाच फक्त उन्हाळ्यात उघडणारी.

संध्याकाळी चुलीत पीट, टेबलावर यंत्र, त्याचा लाल दिवा.
बेहॅक, त्याची बहीण, बटाटे सोलतेय.
एका सुळक्यावरून दोघांचं जुंपतं.
तो म्हणतो, आंधळी.
धुक्यातून येताना ती तुला बघत नाही,
तूच तिला बघायचं.
ती म्हणते, खुर्ची. आम्ही बायका खुर्चीच म्हणत आलो.
"तू कधी पाहिलीस समुद्रातून?"
"तू कधी थांबलास कड्यावर?"
यंत्रात यानंतर सोलण्याचा आवाज आहे, बराच वेळ.

मी दोन्ही लिहिते. रकाना एकाचाच,
अक्षर बारीक करावं लागतं.

मग खुर्चीच्या दक्षिणेला एक चीर,
होडीभर रुंद, आत काळोख. तिच्यावर बोट ठेवते.
हिला नाव नाही?
तोरकिल कुत्र्याचे कान चाचपू लागतो.
बेहॅक हात पुसते,
तरीही ओल्याच अंगठ्याने लाल दिवा विझवते,
आणि सांगते.
मुलाचं नाव आहे. सतरा वर्षांच्या.
एकोणसाठ सालापासून त्या नावाने
या गावात कुणाचं बारसं झालेलं नाही.
"चहा घेशील ना," ती म्हणते,
आणि दिवा मलाच परत लावायला लागतो.

क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
प्रकार: चीर. खोली: मोजलेली नाही.
नावाच्या रकान्यात मी लिहिलं,
आहे. वापरात आहे.