पराग : उच्च

सकाळी सव्वासहाला फोन थरथरतो.
'आज तुमच्या परिसरात पराग : उच्च.
खिडक्या बंद ठेवा.'

बंदच आहेत.
उत्तरेकडची तर दोन वर्षं उघडलेली नाही.
तिच्यापलीकडे चार फुटांचा बोळ,
बोळापलीकडे परागची भिंत.

परागकण म्हणायला हवं होतं, कळतं मला.
पण ॲपचं मराठी ज्यानं कुणी केलं
त्यानं कण गाळला
आणि माझा धाकटा भाऊ ठेवला.

हे टाकून दिलं त्याच्याच मुलीनं.
मिहिका. कराडचा पास काढायला येते
महिन्याच्या महिन्याला, माझ्याच खिडकीवर.
डेपोतली ही खिडकी बंद ठेवता येत नाही.
शिक्का मारायच्या आधी मी तिच्या फोटोवर शिंकले.
"आत्या, फोन दे इकडे."
रांग खोळंबली. तिनं उभ्या-उभ्या
माझं वय घातलं, सातारा घातलं,
'त्रास कशाचा?' खाली होत्या तेवढ्या
सगळ्या चौकटींवर खुणा केल्या.
निघताना म्हणाली, बाबांच्याही फोनमध्ये आहे.
मी पुढच्याला म्हटलं, सुटे द्या.

दिवाळी झाली. उसाला तुरे आले.
कोरेगाव रस्त्याला दोन्ही अंगांनी
रुपेरी, जरासं जांभळट हलत असतं,
लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.
माझ्या नाकी नऊ येतात. म्हणजे खरोखर नऊ,
एका दमात. दादांना अकरा यायच्या.
मी शिंकले की पराग मोठ्यानं मोजायचा,
तो शिंकला की मी.
आई दोघांनाही शतंजीव म्हणून दमायची.

डॉक्टर कणसे म्हणतात ऊस नसेल, गाजरगवत असेल,
नाहीतर घरातलीच धूळ.
गोळी रात्री घ्या, झोप येईल.
ॲप म्हणतं, झाडं : कमी. गवत : उच्च.
आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत,
आकडे पुणे केंद्रावरून.

म्हणजे इथली हवा कुणी मोजतच नाही.
खंबाटकीपलीकडून अंदाजानं सांगतात
पराग किती आहे.
तेवढं मीही सांगेन.
बोळात गाडी लागली की आहे.
जिन्यावर चपला वाजल्या की आहे.
रविवारी दुपारी बराच वेळ आहे.

कुठं माशी शिंकली म्हणाल, तर माशी नव्हे, मीच.
बोळात एक सुबाभूळ होती, कुणी लावलेली नाही,
आपली आपण उगवलेली.
मला वाटलं हीच ती.
तो कोल्हापूरला गेला होता, मी माणूस बोलावून तोडली.
"तुझ्या नाकापायी," म्हणाला तो, आणि पुढे
नाकाचा अर्थ बदलत गेला.
मग मी उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते काढलं.
ते नको होतं काढायला.

झाड गेलं. शिंका राहिल्या.

संध्याकाळी ॲप विचारतं, 'आज कसं वाटलं?'
तीन चेहरे येतात. मी मधला दाबते.
दिवसभरात हे विचारणारं दुसरं कुणी नसतं,
म्हणून उत्तर द्यायचं चुकवत नाही.

काल गोळी संपली होती. झोप नव्हती.
पहाटे भिंतीपलीकडून सुरू झालं.
एक. दोन. थोडं थांबून तीन.
मी पांघरुणात मोजत गेले.
अकरा.
दादांचा आकडा त्याच्याकडे गेला तर.

सव्वासहाला फोन थरथरला.
'पराग : अति उच्च.'
त्यालाही हेच आलं असणार.
स्वतःचं नाव वाचून हसत असेल का तो?
खिडक्या लावून घेत असेल?

उत्तरेकडची कडी गंजली होती.
खोबरेल सोडलं, लाटण्यानं दोनदा ठोकली,
तर फळी एकदम सुटली
आणि बोळातली सगळी हवा तोंडावर.
एक, दोन, चार, सात.
आठ.
नववी आली नाही. नाक तसंच वर धरून
मी तिची वाट बघत उभी,
हातात लाटणं.

पलीकडून आवाज आला,
"आठच?"