भोगवटादार

बसा सिस्टर. पंखा चालू करते, लाईट असली तर.
केंद्रातून फोन आला होता: खोली हवी,
एकटीला, संडास आतला, नळ असला तर बरं.
हे रजिस्टर. नमुना आठ. सगळं गाव ह्यात आहे
असं म्हणायची पद्धत आहे.

पडवेखार. वाड्या पाच, घरं दोनशे चौदा.
ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटायचं
पहिल्या वर्षी, पट्टीच्या पावत्या घेऊन निघाले तेव्हा.
एकशे सहा ठिकाणी कुलपालाच सांगून आले
की थकबाकी आहे.

उरली एकशे आठ. त्यातल्या सोळांत
कुणी जाळी ठेवतं, कुणी गुरं बांधतं.
चूल पेटते ती ब्याण्णव घरांत,
आणि ब्याण्णवातल्या एकतीस घरांत
रात्री एकच ताट विसळलं जातं.
शाळेचा पट अकरा.
गणपतीत मात्र आम्ही हजारावर जातो,
टाकी दुपारी बारालाच खडखडते.

आता खोल्या.

मधल्या वाडीत तोडणकरांचं स्लॅबचं घर, मुलगा कुवेतला.
फरशी अशी की चालताना आपलाच पाय दिसतो.
नळ तीन. पाणी एकालाही नाही.
मीटर फिरत नाही पण बिल येतं, किमान आकार.
भाडं अडीच हजार, आणि एक अट:
गणपतीचे अकरा दिवस, शिमग्याचे पाच,
सामानासकट खोली मोकळी करून द्यायची.

मोहल्ल्यात जुलेखाबी होडेकरांची माडी.
खिडकीत खाडी, भरतीला चिखलाचा वास,
दोन्ही मुलगे जहाजावर.
तुमच्याकडे बीपीचं मशीन असेल
तर पाचशे कमी करतील, मी बोलून ठेवलंय.

बंदरावर नका बघू.
तिथे दहा बाय बाराच्या खोलीत नऊ खलाशी झोपतात
तांडेल धरून, पाळीपाळीनं.
ते ह्या वहीत नाहीत.

आणि वरच्या कलमांच्या बागेत जो पत्रा चमकतो,
ते घर नव्हे. नमुन्यात लिहिलंय:
शेतघर, वापर अवजारांसाठी.
दिलमाया राहते तिथे, नवरा राखणीला.
त्यातलं एक अवजार पहिलीत आहे,
माझ्या पोरापेक्षा स्वच्छ मराठीत पाढे म्हणतं.
मघाशी अकरा सांगितली ना,
त्यात अशी चार.

हा रकाना बघा. मालकाचं नाव.
त्याच्या शेजारी, भोगवटादार.
म्हणजे जो राहतो तो. वाईट शब्द आहे,
जागेचा भोग कुणाच्या वाट्याला, असंच विचारतो जणू.
दोनशे चौदा ओळींत खाली एकच उत्तर: स्वतः.
स्वतः ठाण्याला. स्वतः नालासोपाऱ्यात.
स्वतः वारले तेव्हापासून तीन भावांचा दावा चालू.
माझं घर बघायचंय? हे, एकशे एकोणचाळीस.
मालक दीर. भोगवटादार, स्वतः.
सोळा वर्षं सारवतेय मी त्या स्वतःला.

त्या अकरा दिवसांचं काय, म्हणता?
तिथेच अडतात सगळ्या.
तुमच्या आधीच्या चव्हाण सिस्टर
लसींच्या फ्रिजशेजारी चटई टाकायच्या.
रात्रभर तो घुरघुरायचा, म्हणे, घरच्या माणसासारखा.
सातव्या दिवशी गौरीचं वाण घेऊन कुणीतरी गेलं,
तर दाराला कुलूप. बदली मागून घेतली होती.

माझ्याकडे पडवी आहे. दार नाही, पडदा लावू.
हे भाड्यात धरू नका.

चला, उन्हं आहेत तोवर जुलेखाबींकडे जाऊन येऊ.
थांबा, आधी नाव सांगा पूर्ण.
नाही, नियमात बसत नाही,
करार नाही, ठराव नाही, म्हणून पेन्सिलीनं लिहिते.
काळजी करू नका. खोडरबर
ग्रामसेवकांच्या खणात असतो,
खणाची किल्ली त्यांच्या खिशात,
आणि ते येतात मंगळवारी, आले तर.