चार गुण कुठे गेले

जिल्हा अजिंक्यपदाची रिंग
अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात बांधली होती.
वधूपक्षाच्या खोलीत वजनकाटा,
नवरानवरी बसतात त्या स्टेजवर मी,
समोर एक पिवळा कागद, दहा रकाने,
रिफिल संपत आलेलं पेन.

ठोसे मोजायला पाच जण होते.
मला मोजायचा होता रेफरी.
'ब्रेक' म्हणताना आवाज फाटला का,
दोघांच्या मध्ये शिरला तो ढकलत की सरकत,
पाय कुठे, पाठ कुणाकडे, किती वेळ.
चांगला रेफरी दिसतच नाही म्हणतात.
खोटं आहे. दिसतो,
फक्त घरी जाताना आठवत नाही.

अंबादास येमूल.
पांढरा शर्ट, काळा बो,
आठवडाभर मागावर उभा, म्हणून डावा खांदा खाली.
पंचवीस वर्षांच्या खडखडाटानं कान अर्धे गेलेले;
घंटा तो ऐकत नाही,
टाइमकीपरचा हात बघून ओळखतो.
मला हे ठाऊक होतं.
कागदावर त्याला रकाना नव्हता.

तिसरी फेरी. लाल कोपऱ्यात मल्लिनाथ हत्तरकी,
उंच, हट्टी, नाकातून रक्त.
एक हूक कानामागे बसला
आणि त्याचे गुडघे क्षणभर
दुसऱ्याच कुणाचे झाले.
अंबादासनं मोजायला घेतलं.
पोरगं म्हणालं, "बरा हाय मामा, खेळतो की."
सात. आठ.
आणि अंबादासनं दोन्ही हात हवेत हलवले. संपलं.

घड्याळात नऊ सेकंद उरले होते.

मग खुर्च्या वाजल्या.
"किती घेतले रे?" कुणीतरी ओरडलं.
पोराचा बाप चप्पल हातात घेऊन दोरापर्यंत आला,
दोराला टेकला, आणि तिथंच रडायला लागला.
निळ्या कोपऱ्यातलं पोरगं नगरसेवकाचा भाचा,
मामा पहिल्या रांगेत, सोफ्यावर.

मी पाहिलं ते एवढंच:
आठ म्हणायच्या आधी
अंबादासची नजर पोराच्या डोळ्यांतून सुटली,
पहिल्या रांगेकडे गेली, परत आली.
पापणी लवावी इतकी.
आता सोफ्याच्या पुढ्यातच
टाइमकीपरचं टेबल होतं.

माझी आई हजार बिड्या वळून
कारखान्यात टोपली घेऊन रांगेत बसायची.
चेकर मूठभर उचलून बाजूला फेकायचा: छाट.
त्यावर अपील नसायचं.
येताना ती तेलुगूत शिव्या द्यायची,
पण सगळ्याच चेकरांना नाही.
म्हणायची, तो बिडीकडं बघत असला
तर छाट बिडीची.
माझ्याकडं बघत असला तर छाट माझी.

मी पेन झटकलं, सहा लिहिले, दहापैकी,
लिफाफा चिकटवला.

रात्री बाहेरच्या गाड्यावर तो आला,
बो खिशात, शर्टावर हत्तरकीच्या रक्ताचा थेंब.
त्याला कसं कळलं कोण जाणे. आपल्या गावात कळतं.
"सर, चार कुठं गेले ओ?"
मी मोठ्यानं म्हणालो, नजर.
त्यानं कानाला हात लावला.
मी परत म्हणालो, नजर, आठच्या आधी.
गाड्यावरचे सगळे आमच्याकडे बघायला लागले.

तो बराच वेळ बशीत बघत राहिला.
"वेळ बघितला सर.
नऊ सेकंद म्हंजे तीन ठोसे.
त्या पोराला एकपण नको होता."

खरं असेल.
खोटं असेल तरी निर्णय बरोबरच होता,
हे मला आधीपासून माहीत होतं,
आणि बरोबर निर्णयाचे चार गुण कापणारा मी
कुणाच्या कागदावर, कुठल्या रकान्यात बसतो,
ते विचारायला तिथं कुणी नव्हतं.

चहाचे पैसे त्यानं दिले.
मी नको म्हणालो.
एकदाच.