पडायचा तास

सावरटोल्याच्या राइस मिलमागं, जुन्या गोदामात,
तणसाच्या गाद्या, वर ताडपत्री, दोरीनं ताणलेली.
खिळे मडावी मॅडमनी पहिल्याच दिवशी
एकेक मोजून उपसले.
संध्याकाळी पाच ते साडेसहा. लहानमोठे सारे एकत्र.
मोठे म्हणजे मी आणि उपकेंद्रातल्या मेश्राम सिस्टर.
बाकी तिसरी ते सातवी.

मी लाइनमन. बावीस वर्षं खांबावर.
बावीस वर्षं एकच काम नीट केलं: पडलो नाही.
एकदा पडलो.
खाली धानाची बांधी होती, चिखल होता,
म्हणून हे सांगतो आहे.
तेव्हापासून खांबाच्या अर्ध्यावर गेलो की
गुडघे आपसात बोलायला लागतात.
कोणाजवळ बोललो नाही. पोरीला सोडायला येतो
असं सांगून आलो.
पोरगी चार दिवसांत कंटाळली.
मी राहिलो.

वाटलं, आधी फेकणं शिकवतील.
मॅडम म्हणाल्या, "पहिला महिना नुसतं पडायचं."
उकेमी म्हणतात त्याला.
पोरं 'उखमी' म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलं.
हनुवटी छातीला. नजर पट्ट्याच्या गाठीवर.
पाठ टोपल्याच्या बुडासारखी.
आणि जमीन अंगाला लागायच्या जरा आधी
हातानं तिला चापट द्यायची,
जशी अंधारात गोठ्यात शिरताना
म्हशीला देतो आपण,
मी आहे म्हणून.

मी पडायचो पोत्यासारखा. आख्खा. धप्प.
डिलेश्वरी कटरे, इयत्ता चौथी, पिवळा पट्टा,
माझ्या डोक्याशी उकिडवी बसून म्हणायची,
"काका, तुमी तं पडाच्या आधीच पडून राह्यले.
मुंडी आत घ्या जी.
आन् श्वास नोका धरू.
श्वास का तार हाये का, धरून ठेवाले?"
हसू फुटलं. हसता हसता पडलो,
तो पहिल्यांदा बरा पडलो.

घरी बायकोनं विचारलं, काय शिकले आज?
"पडणं."
ती भाकर उलटवत म्हणाली,
"मांगं फुकट पडले तं अकरा हजार लागले.
हे तं तीसच रुपये महिना. पडा."

एक नियम मात्र आतपर्यंत गेला:
सोसवेना तर गादीवर दोन थापा द्यायच्या,
समोरचा लगेच सोडतो. का म्हणून विचारत नाही.
चव्वेचाळीस वर्षांत मी कुठंकुठं
दोन थापा द्यायला हव्या होत्या,
ते मोजत त्या रात्री जागाच होतो.

दुसऱ्या महिन्यात डिलेश्वरी समोर उभी राहिली.
"आता तुमी मले फेका."
बाही धरली, कॉलर धरली.
मांजरपाटाचा अंगरखा, कोपरावर
साखरेच्या पोत्याचं ठिगळ.
वजन माझ्या अवजारांच्या थैलीहून
थोडंसं जास्त.
तिच्या पायामागं पाय घातला, आणि थांबलो.
मिलचा पट्टा फिरत होता,
कोंड्याची धूळ उन्हाच्या तिरिपीत तरंगत होती,
आणि माझे हात,
तारेवर बावीस वर्षं गेलेले,
हलायला तयार नव्हते.

"सोडवत नाही मॅडम."
"सोडा म्हणून कोण सांगते?
बाही शेवटपर्यंत धरायची.
फेकणाऱ्यानंच खाली पोचवून द्यायचं असते."

फेकलं.
गोदामात चापट वाजली, कोरडी, नेमकी.
बाही माझ्या मुठीत तशीच.
खालून दोन डोळे, केसांत तणसाची काडी.
"हे फेकणं होय का काका,
का बाजेवर निजवलं?
पुन्हा."